ग्राफीनचा गॅस सेन्सर बनवताय? या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर. आरजीओचा, म्हणजे रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा (बराचसा ऑक्सिजन काढलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा), अमोनिया सेन्सर बनवणं आता एमएस्सीच्या प्रोजेक्टलाही जमतं. इलेक्ट्रोडवर थेंब टाकायचा, वाळवायचा, गॅस सोडायचा, की विद्युत रोध चढताना दिसतो. खरी मेहनत पुढे आहे: तो अमोनियामुळेच चढला हे सिद्ध करणं.

इथे सगळ्यात जास्त फसवते ती आर्द्रता. बेसलाइन, म्हणजे गॅस सोडण्याआधीचं रीडिंग, कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतली जाते आणि अमोनिया मात्र जलीय द्रावणाच्या बाटलीतून बुडबुडे काढून आणला जातो. त्यासोबत पाण्याची वाफही येते. आरजीओवर ऑक्सिजनचे गट शिल्लक असतात, त्यांना पाणी धरतं आणि रोध बदलतो. म्हणून त्याच फ्लोने, त्याच नळीतून, नुसत्या पाण्याची बाटली लावून एक रन घ्याच. चेंबरमध्ये आर्द्रतामापक नसेल तर मुंबईत मे आणि जुलैच्या रीडिंगची तुलना करण्यात अर्थ नाही.

रोध कुठल्या दिशेने बदलतो तेही तपासा. हवेत आरजीओ सहसा पी-टाइप वागतं, म्हणजे त्यात वीज इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा (होल) वाहून नेतात: नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढतो, रोध उतरतो, अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, रोध चढतो. एन-टाइप, म्हणजे इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात अशा, मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये उलट. दोन्ही गॅसला आलेख एकाच बाजूला जात असेल, तर आधी फ्लो, तापमान आणि ओलावा बघा.

इलेक्ट्रोडचा नमुना उमटवायला लिथोग्राफी केली असेल तर रेझिस्टचा, म्हणजे त्यासाठी लावलेल्या पॉलिमरचा, थर शंकेच्या यादीत हवा. 2007 मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर एकेक रेणू टिपून दाखवला आणि सगळ्यांचा उत्साह वाढला. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र दाखवलं की रेझिस्टचे अवशेष काढल्यावर ग्राफीनचा वाफांना मिळणारा प्रतिसाद खूपच घटतो. मला हे काम प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने वाचावंसं वाटतं.

गॅस बंद केल्यावर बेसलाइन परत येत नसेल तर गॅसचा पुढचा पल्स देऊ नका. नायट्रोजन डायऑक्साइड घट्ट चिकटतो. यूव्ही किंवा सौम्य उष्णता द्यावी लागते. पण तापवल्यावर आरजीओ आणखी रिड्यूस होतं, त्यामुळे मोजणीआधीच एकदा तेवढं तापवून रोध स्थिरावू द्या.

ग्राफीनऐवजी मॅक्सीन (टायटॅनियम कार्बाइडसारख्या पदार्थांचे अतिपातळ थर) वापरणाऱ्यांनी बाटलीकडे लक्ष ठेवावं. टायटॅनियम कार्बाइडचं पाण्यातलं काळपट द्रावण हळूहळू ऑक्सिडाइझ होऊन टायटॅनियम डायऑक्साइड बनतं आणि पांढुरकं, गढूळ दिसू लागतं. आर्गॉन भरून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. रंग बदललेल्या बाटलीतून फिल्म टाकू नका.