घरच्या संगणकावर मुलांच्या इंटरनेटला मर्यादा कशी घालावी

केळीची काढणी सुरू झाली की रावेर-यावलकडे पुष्कळदा आईवडील दोघेही दुपारभर मळ्यात असतात आणि शाळेतून आलेले मूल घरी संगणकापुढे एकटे बसते. लक्ष ठेवायला माणूस नसल्यामुळे बंदोबस्त संगणकातच करून ठेवावा लागतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळ्या घराने एकच खाते वापरणे. त्या खात्याला अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतात आणि ते ज्याच्या हाती आहेत, त्याला आपण घातलेले कोणतेही बंधन दोन मिनिटांत काढता येते. म्हणून विंडोज १० किंवा ११ असल्यास सेटिंग्जमधील अकाउंट्समध्ये जाऊन फॅमिलीच्या पर्यायातून मुलाचे स्वतंत्र खाते उघडावे, ते ‘स्टँडर्ड’, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेल्या प्रकारचेच आहे याची खात्री करावी आणि स्वतःच्या खात्याला गाडीच्या क्रमांकावरून किंवा जन्मतारखेवरून ओळखता येणार नाही असा पासवर्ड ठेवावा.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीमध्ये वेळेची मर्यादा ठरवावी आणि संकेतस्थळांची गाळणी चालू करावी. ही गाळणी एज या ब्राउझरमध्येच चालते आणि ती लावल्यावर क्रोमसारखे इतर ब्राउझर त्या खात्यात बंद होतात. ते बिघडले असे समजून मुलाच्या हट्टापायी पुन्हा सुरू करून देऊ नयेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला फक्त निवडक संकेतस्थळे उघडी ठेवणे मला योग्य वाटते. दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र ते जाचक होते, कारण अभ्यासाला कोणते पान लागेल हे आधी सांगता येत नाही.

दुसरे कुंपण राउटरवर, म्हणजे घरभर इंटरनेट पुरवणाऱ्या यंत्रावर घालावे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे पत्ते भरल्यास अश्लील आणि घातक म्हणून नोंदलेली संकेतस्थळे उघडत नाहीत. २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे. राउटरचा मूळ पासवर्डही त्याच वेळी बदलावा. ब्राउझरच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये दुसरी सेवा निवडलेली असल्यास हे कुंपण निरुपयोगी ठरते, आणि आजीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट तर राउटरला शिवतही नाही; म्हणून त्या फोनलाही कुलूप हवे.

हे सर्व मुलाला सांगूनच करावे. अभ्यासाचे एखादे पान अडले तर त्याला एजमधूनच परवानगी मागता येते. ती मागणी पालकाच्या फोनवर येते आणि मळ्यातून होकार देता येतो.