सर्व्हेला निघण्याआधी फाइल बांधून ठेवा

मीटर चार्ज केला, वायरीची रिळं गाडीत टाकली, खुंट्या मोजून घेतल्या, हातोडे घेतले, की तयारी झाली असं आपण धरून चालतो. खानदेशात पाण्यासाठी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमिनीत करंट सोडून तिचा विद्युत रोध मोजण्याचं काम, करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आकडे ज्या फाइलीत जाणार, ती फाइलही आदल्या रात्रीच बांधून ठेवा. कॉलमला काय नाव द्यायचं हे मे महिन्याच्या उन्हात, बांधावर उभं राहून ठरत नाही.

साक्री तालुक्यातल्या एका जुन्या साउंडिंगची (एकाच जागी खुंट्या लांब-लांब नेत खोलवरची रीडिंग घेण्याची) वही माझ्या हातात आली होती. पहिल्या कॉलमवर नुसतं ‘अंतर’ लिहिलेलं. एका ओळीत अंतर १००, एमएन (व्होल्टेज मोजणाऱ्या आतल्या दोन खुंट्यांमधलं अंतर) १०, करंट १०० मिलिअँपिअर, व्होल्टेज ३ मिलिव्होल्ट. आता हे १०० म्हणजे पूर्ण एबी (करंट सोडणाऱ्या बाहेरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर), की एबीचं निम्मं? श्लम्बर्जर मांडणीत (चारही खुंट्या एका रेषेत, मधल्या दोन जवळजवळ) पूर्ण एबी धरलं तर भौमितिक गुणक, म्हणजे व्होल्टेज भागिले करंटला ज्याने गुणलं की रेझिस्टिव्हिटी मिळते तो आकडा, येतो ७७८ च्या आसपास आणि रेझिस्टिव्हिटी २३ ओहम-मीटर. निम्मं धरलं तर गुणक ३१३४ आणि रेझिस्टिव्हिटी ९४. पहिल्या हिशेबात झिजलेला, पाणी धरू शकेल असा मुरूम. दुसऱ्यात टणक काळा पाषाण. शेतकरी शेजारी उभा राहून विचारतो, “भाऊ, पानी लागी का?” आणि आपलं उत्तर एका न लिहिलेल्या शब्दावर अडलेलं असतं. वही लिहिणारा शेवटपर्यंत सापडला नाही. ते साउंडिंग सोडून द्यावं लागलं.

म्हणून सुटी एक्सेल शीट नको, नेटसीडीएफ हा शास्त्रीय डेटाचा फाइल-प्रकार घ्या. नेटसीडीएफ ४ ही एचडीएफ ५ या दुसऱ्या फाइल-प्रकारावरच उभी आहे; आकडे, त्यांची एककं आणि त्यांची माहिती एकाच फाइलीत, गटागटाने राहते. अमेरिकेच्या यूएसजीएस या सरकारी भूशास्त्र संस्थेने भूभौतिक डेटासाठी जीएसपाय नावाचं मुक्त पायथन पॅकेज केलं आहे. त्यात आकडे सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या तक्त्यात) आणि वर्णन जेसनमध्ये (नाव आणि माहिती अशा जोड्यांच्या मजकूर-फाइलीत) दिलं की नेटसीडीएफ तयार होते. ते जेसन घरीच भरून ठेवा.

सर्वात वर सर्व्हेचा गट: कोणी केला, कधी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या मीटरवर, एका रीडिंगला किती स्टॅक (सरासरीसाठी पुन्हा-पुन्हा घेतलेली मापं) घेतले. त्याखाली कच्चा डेटा, मग दुरुस्त केलेला, मग मॉडेल, म्हणजे त्यावरून काढलेले जमिनीखालचे थर. कच्च्या गटाला नंतर कोणीही हात लावायचा नाही. खराब वाटलेलं रीडिंगही तिथेच राहू द्या, दुरुस्ती खालच्या गटात करा. प्रत्येक कॉलमला पूर्ण नाव आणि एकक द्या, ‘एबीचं निम्मं, मीटर’ इतकं स्पष्ट. रीडिंग मिळालंच नाही तर शून्य टाकू नका. त्यासाठी -९९९९ सारखा एक आकडा ठरवा आणि तो रिकाम्या जागेचा आहे, हेही फाइलीतच लिहा.

जागेच्या बाबतीत फार जपावं लागतं. अक्षांश-रेखांशाचे कॉलम उलटे पडले तर साक्रीतला बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. ते निदान लगेच दिसतं. यूटीएमची, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीची, चूक दिसत नाही. आपला सगळा भाग झोन ४३ मध्ये येतो, कोड ३२६४३, आणि ७५ रेखांश मधून जातो. त्यामुळे साक्री-धुळ्याचं ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये; मधल्या रेखांशावर ते ५ लाख धरतात) ५ लाखांच्या आत आणि जळगावचं ५ लाखांच्या वर यायलाच हवं. संध्याकाळी एवढं एकच ताडून पाहा. नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नका: पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे तसं पारनेर तालुक्यातही आहे. तालुका, गट नंबर आणि जनगणनेचा गाव-क्रमांक तिन्ही घ्या. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा वाद नको.

शेऱ्याचा कॉलम मात्र मोकळा ठेवा, आणि खरोखर भरा. काळ्या जमिनीला भेगा होत्या का, खुंटीपाशी मिठाचं पाणी ओतलं का, जवळून ११ केव्हीची लाइन किंवा लोखंडी पाइपलाइन गेली आहे का, शेजारच्या विहिरीवर मोटार चालू होती का. धुळे-नंदुरबारकडे डाइक (खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती) भरपूर, बहुतेक पूर्व-पश्चिम लांबलेल्या. वायर डाइकला समांतर पसरली की आडवी, यावर कर्व्ह (अंतराप्रमाणे रेझिस्टिव्हिटी दाखवणारा आलेख) बदलतो, म्हणून पसरण्याची दिशा अंशांत लिहा. हा कॉलम मी स्वतः दोन वर्षं ठेवलाच नव्हता. त्या काळातले कर्व्ह आज डाइकच्या नकाशावर मला बसवता येत नाहीत.

रात्री दोन ठिकाणी कॉपी काढा, त्यातली एक गाडीबाहेर. मग फाइल अशा माणसाला द्या जो शेतात नव्हता, आणि त्याला पहिल्या साउंडिंगचा कर्व्ह काढायला सांगा. त्याने जे-जे विचारलं, ते सगळं दुसऱ्या दिवशी निघण्याआधी जेसनमध्ये टाका.