उंच माणसाने जुनी गाडी घेताना डोक्याआधी गुडघा बघा

माझी उंची ६ फूट २ इंच आणि घर ठाण्यात मानपाड्याला. पहिली सेकंडहँड गाडी घेताना मी एकच गोष्ट बघितली, डोकं छताला लागतंय का. लागत नव्हतं म्हणून घेतली. आणि मग घोडबंदर रोडला संध्याकाळी माजिवड्यापासून घरापर्यंत रोज क्लच दाब-सोड, दाब-सोड, आणि प्रत्येक वेळी डावा गुडघा स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकला घासायचा, आठ महिन्यांत गुडघा इतका दुखायला लागला की गाडी तोट्यात विकली. त्यामुळे जो कोणी उंच आहे आणि कमी बजेटमध्ये गाडी शोधतोय त्याने हे वाचाच, कारण विकणारा यातलं काही सांगत नाही आणि त्याला ते माहीतही नसतं.

गाडी बघायला जाताना रोजचे ऑफिसचे बूट घालून जा, चप्पल नको. बसायच्या आधी सीट कव्हर दाबून बघा. जुन्या गाड्यांना बऱ्याचदा जाड फोमचं कव्हर चढवलेलं असतं, ते काढलं की तुम्ही बोटभर खाली बसता, म्हणजे जी गाडी कव्हरमुळे नापास वाटतेय ती पास होऊ शकते. मग सीट पूर्ण मागे, हाइट अॅडजस्टर असेल तर पूर्ण खाली, आणि पाठ जास्त आडवी न करता बसा. क्लच तळापर्यंत दाबा, तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आता क्लच हळूहळू सोडा, पाय वर येतो तेव्हा गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये मूठ मावली पाहिजे, बुटाचं टोक वर कुठे अडकायला नको. मूठ मावत नसेल तर ती गाडी सोडा, मग ती कितीही चकाचक असो.

पाय जमले की हात. पाठ सीटला टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का बघा. बऱ्याच स्वस्त गाड्यांत स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही, त्यामुळे पायांसाठी सीट मागे घेतली की हात ताणले जातात आणि खांदे भरून येतात. पण म्हणून स्टिअरिंगला चिकटूनही बसू नका, एअरबॅग असते तिथे, छाती किमान २५ सेंटीमीटर लांब हवी. हेडरेस्ट वर ओढून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत, निदान कानाच्या वर तरी येतो का बघा, मागून कोणी ठोकलं तर मान तोच वाचवतो. सनरूफवाली गाडी असेल तर डोक्याचं माप परत घ्या कारण सनरूफच्या यंत्रणेमुळे छताची आतली बाजू खाली येते. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीन हात नाक्याला सिग्नलवर सगळ्यात पुढे उभं राहिलं की दिवा दिसायला मान खाली वाकवावी लागते का, हे फक्त रस्त्यावरच कळतं.

सीट मागे घेतलीच आहे तर मोबाइलचा टॉर्च लावून खालचे रेल बघा. रेलवर आणि बोल्टवर गंज असेल, कोपऱ्यात वाळलेला चिखल असेल तर गाडी पाण्यात गेलेली असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे बघायचंच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर डागाची रेघ आहे का बघा, आणि स्टेपनीखालचा खड्डा उघडून बघा. बाहेरून पॉलिश कोणीही करतं पण या जागा सहसा कोणी धूत नाही.

सीट तशीच मागे ठेवून एकदा स्वतः तिच्या मागे बसा. माझी आई मागे बसते, तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकले की मला गाडी चालवताना चैन पडत नाही. काही गॅरेजवाले सीटचे रेल मागे सरकवून देतो म्हणतात, ते अजिबात करू नका. टक्कर झाली तर सीट आणि बेल्ट यांनी धरून ठेवायला हवं, तो हिशोब कंपनीने केलेला असतो.

आता कोणती. माझ्या मते २०१९ नंतरची वॅगनआर आधी बघा, छप्पर उंच, सुटे भाग सगळीकडे मिळतात, आणि कंपनीचा सीएनजीही मिळतो, फक्त डिकी जाते. इग्निसही उंच बसायची आहे. होंडा जॅझ आता नवीन मिळत नाही पण मागे जागा मस्त, घरचे चार जण असतील तर मी तीच सांगेन. पोलोचं स्टिअरिंग पुढे-मागे होतं, उंच ड्रायव्हरला छान बसते, पण मागे अडचण, एकटे फिरणार असाल तर ठीक. आणि गुडघ्याचा त्रास आधीपासून असेल तर थोडे पैसे जास्त घालून एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) घ्या, क्लचचं पेडलच नाही. मी दुसरी गाडी वॅगनआर एएमटीच घेतली. एएमटी बघताना सोसायटीच्या पार्किंगच्या चढावर थांबवून परत उचला, खूप झटके देत असेल किंवा मागे जास्त घसरत असेल तर क्लच झिजलेला असू शकतो.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी रिकाम्या रस्त्यावर देतील, तुम्ही संध्याकाळी सातची मागा. कापूरबावडी ते पातलीपाडा, अर्धा तास, ट्रॅफिकमध्ये. विकणारा कंटाळला तरी चालेल. वाशी-बेलापूरकडचे असाल तर पाम बीच रोडवर गाडी पळवून खूश होऊ नका, सायन-पनवेलच्या गर्दीत घाला. नंतर वागळे इस्टेटमध्ये किंवा जिथे ओळखीचा मेकॅनिक असेल तिथे लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, गाडी २०१९ची आणि किलोमीटर वीस हजार सांगतायत पण चारही टायर २०२३चे असतील तर विचारा का बदलले, किलोमीटर कमी करून दाखवलेले असू शकतात.

कागद थोडक्यात. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मालक कितवा, इन्शुरन्स, कर्ज चढलेलं आहे का बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) आणि आरसीवरून कर्ज काढायला फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान बाकी असतील ते विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. सीएनजी आरसीवर चढलेला हवा आणि सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झालेली हवी. पंधरा वर्षं होत आलेली गाडी स्वस्त दिसते पण परत रजिस्ट्रेशन, तपासणी, ग्रीन टॅक्स हे धरून भाव करा. दुसऱ्या राज्यातून आलेली असेल तर इथला रोड टॅक्स आधीच भरलाय का हे विचारा. एमएच ०४ किंवा एमएच ४३ची असेल तर आरटीओचं काम ठाण्यात किंवा नवी मुंबईतच होतं, लांब फेऱ्या वाचतात.

सगळे पैसे एकदम देऊ नका, थोडे ट्रान्सफर होईपर्यंत राखून ठेवा आणि तसं लिहून घ्या. आणि इन्शुरन्स आपल्या नावावर करायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत टाका, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो, तेवढे पैसे बाजूला काढूनच बजेट ठरवा.