डीजे कंट्रोलरचे मॅपिंग करताना या चुका टाळा

घणसोलीतील एका हळदीच्या कार्यक्रमात माझ्या कंट्रोलरवरचे (लॅपटॉपमधील डीजे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या यंत्रावरचे) प्ले बटण दाबून धरले की गाणे वाजत असे आणि बोट उचलले की थांबत असे. आदल्या रात्री ऐरोलीला घरी बसून ते मॅपिंग, म्हणजे कोणत्या बटणाने सॉफ्टवेअरमध्ये काय घडावे याची जोडणी, मीच तयार केले होते. परंतु तपासताना गाणे लावलेच नव्हते. बोट बटणावर असतानाच पडद्यावरचे चिन्ह उजळलेले पाहायचे आणि पुढच्या बटणाकडे वळायचे, एवढीच माझी तपासणी होती. मंडपातून ‘दादा, गाणं सारखं का तुटतंय?’ असे दोनदा विचारून झाले. अखेर हळद लावण्याच्या विधीत मिळालेल्या वेळात मॅपिंगच्या स्क्रिप्टमध्ये (छोट्या प्रोग्रॅममध्ये) एक अट घातली आणि प्ले बटण ठिकाणावर आले.

बिघाड अगदी साधा होता. बटण दाबले की कंट्रोलर एक मिडी (संगीताची यंत्रे आणि संगणक यांच्यातील ठरलेली भाषा) संदेश पाठवतो आणि सोडले की दुसरा. पहिल्या चॅनेलवर दाबण्याच्या संदेशाचा पहिला बाइट षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीत ९० असतो. सोडण्याचा ८० असतो, किंवा पुन्हा ९०च येतो आणि सोबतचे मूल्य शून्य असते. १९८३मध्ये आलेल्या मिडी १.० मानकाप्रमाणे या दोन्ही पद्धती वैध आहेत. माझा कंट्रोलर दुसऱ्या पद्धतीचा होता आणि माझी स्क्रिप्ट मूल्य न पाहताच प्रत्येक संदेशाला ‘चालू असेल तर थांबव, थांबलेले असेल तर चालू कर’ असे उत्तर देत होती. मूल्य शून्य असल्यास काहीही करू नये, एवढी एक ओळ पुरेशी होती.

म्हणूनच बटणावर छापलेल्या नावावर विसंबून मॅपिंग सुरू करणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. बटण प्रत्यक्षात काय पाठवते ते आधी पाहावे. मी ‘मिक्स’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतो (रोमन लिपीत त्याच्या नावाच्या शेवटी तीन एक्स आहेत, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो). ते कंट्रोलर-डीबगचा पर्याय लावून सुरू केले की येणारा प्रत्येक संदेश लॉगमध्ये (नोंदींच्या यादीत) उमटतो. एका वहीत प्रत्येक बटण, नॉब आणि फेडर (सरकवायची कळ) यांच्यासमोर दाबतानाचा व सोडतानाचा संदेश लिहून काढायला अर्धा तास लागतो. सॉफ्टवेअर ट्रॅक्टर असो वा व्हर्च्युअल डीजे, ही वही सगळीकडे उपयोगी पडते.

शिफ्ट बटणाच्या बाबतीत तर वहीवाचून गत्यंतर नाही. काही कंट्रोलरांत शिफ्ट दाबून धरल्यावर बाकीच्या बटणांचे क्रमांक किंवा चॅनेलच बदलतात. काहींत शिफ्ट केवळ स्वतःचा संदेश पाठवते आणि पुढचे सगळे स्क्रिप्टला सांभाळावे लागते. पहिल्या प्रकारात एक फसवी अडचण येते. क्यू (गाणे ठरवलेल्या जागी आणणारे बटण) दाबला, तो दाबलेला असतानाच शिफ्ट दाबली आणि मग क्यू सोडला, तर काही कंट्रोलर सोडल्याचा संदेश शिफ्टच्या क्रमांकावर पाठवतात; सॉफ्टवेअरला क्यू सुटल्याचे कळतच नाही आणि तो अडकून बसतो. अशा कंट्रोलरसाठी सोडण्याचा संदेश दोन्ही क्रमांकांवर जोडून ठेवावा.

पिच फेडरची (गाण्याचा वेग बदलणाऱ्या फेडरची) चूक उशिरा लक्षात येते. नॉब-फेडरचा साधा कंट्रोल चेंज संदेश ७ बिटांचा, म्हणजे ० ते १२७ इतक्याच पायऱ्यांचा असतो. पिचची मर्यादा अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर एक पायरी सुमारे ०.१२६ टक्क्यांची होते; १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात ती ०.१६ बीपीएम भरते. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये पडला, तर मिनिटभरात दोन गाण्यांत सुमारे ३८ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि जुळलेले ढोल एकावर एक आपटल्यासारखे ऐकू येऊ लागतात. सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवण्याची सोय) न वापरणाऱ्याला मग सतत जॉगला (हाताने फिरवायच्या चकतीला) हात लावत राहावे लागते. अनेक कंट्रोलर याच फेडरसाठी दोन संदेश जोडीने पाठवतात, ज्यांतून १६,३८४ पायऱ्या मिळतात. मानकाप्रमाणे या जोडीतील सूक्ष्म भागाचा क्रमांक ठळक भागाच्या क्रमांकापेक्षा ३२ने अधिक असतो. लर्न पद्धतीने (कळ हलवून सॉफ्टवेअरला ती ओळखायला लावून) जोडताना यांतला एकच पकडला गेला तर अचूकता जाते, आणि तो नेमका सूक्ष्म भाग असला तर फेडर एकदा सरकवताना वेग वर-खाली शेकड्याने उड्या मारतो. असे दिसले तर फेडर बिघडला म्हणून दुकानात नेण्यापूर्वी वही उघडावी.

जॉग व्हीलचे मूल्य वाचण्यातही असाच घोटाळा होतो. काही व्हील ६४ हा मध्य मानून पुढे ६५ व मागे ६३ पाठवतात. काही पुढे १ आणि मागे १२७ पाठवतात. दुसऱ्या प्रकारातील १२७ म्हणजे उणे एक आहे हे स्क्रिप्टला सांगितले नाही, तर किंचित मागे घेतलेले गाणे सुसाट पुढे पळते. स्क्रॅचसाठी (तबकडी हाताने पुढे-मागे केल्यासारखा आवाज काढण्यासाठी) एका फेऱ्यात किती संदेश येतात हा आकडाही लागतो. तो अंदाजाने टाकू नये. व्हीलवर चिकटपट्टीची खूण करून एक पूर्ण फेरा सावकाश फिरवावा आणि लॉगमधील संदेश मोजावेत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी १.८ सेकंद लागतात. आकडा बरोबर असल्यास व्हीलचा एक फेरा गाणे तेवढेच पुढे नेतो.

दोन डेकच्या (डेक म्हणजे एक गाणे वाजवणारा भाग) कंट्रोलरवर चार डेक चालवणाऱ्यांनी सॉफ्ट टेकओव्हर (फेडर सॉफ्टवेअरमधील मूल्यापाशी पोहोचेपर्यंत त्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय) विसरू नये. ते बंद असल्यास पहिल्या डेकवरून तिसऱ्यावर जाताच फेडरला बोट लागले की आवाज किंवा वेग एकदम उडतो.

बटणातील दिवा लागत नसला तर बहुधा दिव्याचा दोष नसतो. कित्येक कंट्रोलरांत सॉफ्टवेअरने उलट संदेश पाठवल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि त्याचा क्रमांक बटणाच्या क्रमांकाहून वेगळाही असू शकतो. याउलट काही कंट्रोलरांवरचा हेडफोन मिक्सचा (हेडफोनमध्ये काय किती ऐकू यावे हे ठरवणारा) नॉब यंत्रातच काम करतो. तो सॉफ्टवेअरलाही जोडला की एकच बदल दोनदा घडतो आणि कानात विचित्र ऐकू येते.

कंट्रोलर सॉफ्टवेअरला दिसतच नसेल, तर विंडोजवर आधी दुसरे कोणते डीजे सॉफ्टवेअर उघडे आहे का ते पाहावे, कारण अनेक ड्रायव्हर मिडी पोर्ट एका वेळी एकालाच देतात. त्यानंतर यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावावी.

मॅपिंगची तालीम घरी, सलग तासभर, खरी गाणी लावून करावी. ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० वाजता आवाज बंद करावा लागतो, त्यामुळे मंडपात दुरुस्तीत गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत. प्रत्येक बदलापूर्वी जुनी प्रत तारीख घालून जपावी आणि एक पेन ड्राइव्हवरही ठेवावी. ‘मिक्स’मध्ये स्क्रिप्ट असलेले मॅपिंग किमान दोन फायलींचे असते: एक्सएमएलमध्ये जोडण्या आणि जावास्क्रिप्टमध्ये वागणूक. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर साधी बटणे चालत आहेत पण जॉग मुका आहे असे दिसले, तर आधी ती दुसरी फाइल सोबत आणली आहे का ते पाहावे.