ऑस्करला गोल्डफिश घालताय?

नागपुरात ऑस्कर, अरोवाना असे मोठे शिकारी मासे पाळणारे बरेच जण त्यांना खायला स्वस्त गोल्डफिश आणून टाकीत सोडतात. ते बंद करा. गोल्डफिशमधल्या थायमिनेज या एन्झाइममुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. शिवाय दुकानातल्या दाटीतून रोग फुकट येतो, अंगावर, परांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्यापेक्षा घरच्याच टबात छोटे गप्पी मासे वाढवा, नाहीतर औषध न मारलेल्या मातीतली गांडुळं धुऊन, तुकडे करून द्या. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. तेव्हा खाणं कमी करा, उरलेलं लगेच काढा. सोबतीला तोंडात न मावणारेच मासे: मोठे सिल्व्हर डॉलर चालतात, निऑन टेट्रा म्हणजे नाश्ताच! आणि मासा डोईजड झाला तर फुटाळा तलावात सोडू नका, दुकानदाराला परत द्या.