ड्रॉप घेण्याआधी हे करून बघ
लॉसाठी वर्षभर थांबून क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) पुन्हा द्यायची, की नागपुरात मिळालंय तिथेच ॲडमिशन घ्यायची? आधी 2024 चा पेपर काढ. 120 प्रश्न, दोन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीनं लिही: वेळ पुरला नाही, उतारा घाईत वाचला, की नुसता अंदाज मारला? चार अंदाज फसले की एक पूर्ण गुण कापला जातो. चुका अशाच असतील तर माझ्या मते जरूर थांब, त्या सरावानं सुधारतात. वाचनाचाच कंटाळा असेल तर मात्र थांबू नकोस. आणि क्लॅट डिसेंबरात असते. जूनमध्ये ठरवलंस तर हातात सहाच महिने. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीची वाटही उघडी आहे.