हॉटेलसाठी जागा बघताय? आधी मोरीत पाणी ओता

इंदुरात सराफा किंवा छप्पन दुकान या खाण्यापिण्याच्या प्रसिद्ध बाजारांच्या आसपास जागा घ्यायची म्हटलं की भाडं ऐकूनच माणूस मागं फिरतो. मग नजर वळते टिळकनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, अन्नपूर्णा अशा जुन्या वस्त्यांतल्या दुकानांकडं. तिथं पोळी-भाजीचं घरगुती उपाहारगृह छान चालू शकतं, पण जागा नीट पारखून घ्यायला हवी.

पहिली फेरी दलालाशिवाय मारा. सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ९, अशा तिन्ही वेळा, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. पोह्या-जिलबीच्या वेळी गजबजलेला रस्ता दुपारी ओस पडलेला दिसेल. भंवरकुआंसारखा कोचिंगचा भाग असेल, तर परीक्षा संपून मुलं गावी गेल्यावर काय उरतं, ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. गाड्या कुठं लागतात हेही बघा. स्कूटर लावायला जागा नसेल तर इंदूरकर पुढच्या दुकानात जातो.

दुसऱ्या फेरीत सरळ स्वयंपाकाच्या जागेत शिरा. दर्शनी काच, टाइल्स नंतर होतात. मोरीत चार बादल्या पाणी एकदम ओता आणि ते तुंबतं का बघा. तेलकट पाण्यासाठी गटाराआधी चिकटा अडवणारी टाकी बसेल का, तेही विचारा. नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, तेव्हा टाकी केवढी आहे आणि मे महिन्यात बोअरिंगला पाणी राहतं का, याची चौकशी भाडेकरूंकडं करा. घरमालक ‘भरपूर’ म्हणणारच. ओला कचरा कचरागाडी येईपर्यंत ठेवायला मागं कोपरा लागतो.

धुराचं मात्र मी स्वतः भोगलंय. चिमणीचा पाइप गच्चीपर्यंत न्यायचा होता. घरमालकानं तोंडी होकार दिला, पण वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड अडून बसलं. भट्टी पेटण्याआधीच तीन महिन्यांचं भाडं गेलं. पाइप कुठून जाणार हे करारात लिहून घ्या, जमलं तर नकाशासकट.

विजेचं शेवटचं बिल मागा. थकबाकी, मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची मुभा आहे) आणि मोठ्या यंत्रांना लागणारं थ्री-फेज कनेक्शन आहे का, हे तीन त्यातून समजतं. नगर निगमची संपत्तिकराची पावती, रजिस्ट्री (नोंदणीकृत खरेदीखत) आणि व्यावसायिक वापराची परवानगी वकिलाला दाखवा. खाद्य परवाना तुम्हाला काढायचाय, पण त्यासाठी जागेचे कागद लागतात.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून घरमालक ११ महिन्यांवर अडून बसतात. भट्टी, फरशी, फर्निचरवर लाखो घालून ११ महिन्यांच्या भरवशावर बसणं मला तरी परवडणारं वाटत नाही. निदान ५ वर्षं मागा, भाडेवाढ आधीच ठरवा आणि काम चालू असताना एक-दीड महिना भाडं माफ करून घ्या.

शेवटी हिशोब. महिन्याचं भाडं साधारण चार दिवसांच्या गल्ल्यातून निघावं, असा माझा ठोकताळा. भाडं ४०,००० असेल तर रोज १०,००० चा धंदा हवा. माणशी १२० धरले तर ८३-८४ गिऱ्हाइकं. समोरच्या चहाच्या गुमटीवर बसून तेवढी माणसं त्या दारासमोर नुसती रेंगाळतात तरी का, मोजा.